मानमोडी, पीपीआर, बर्ड फ्लू : लस देताना या चुका टाळा

विषाणू तोच असला तरी त्याची प्रथिनं कोंबडीच्या पेशीत एक वागतात, बकरीच्या पेशीत दुसरं आणि माणसाच्या पेशीत तिसरंच. हे ध्यानात न घेतल्यानं परसातल्या कोंबड्या आणि गोठ्यातल्या बकऱ्या नाहक जातात.

सगळ्यात महाग पडते ती कोंबड्यांच्या मानमोडी (राणीखेत) रोगाच्या लसीतली गडबड. मोठ्या कोंबड्यांसाठी फोडलेल्या आर-टू-बी या जरा जोरकस जिवंत लसीच्या बाटलीत लस उरली, की ती लहान पिल्लांनाही टोचली जाते. मग पिल्लं लुळी पडतात, मान वाकडी होते, आणि दोष लसीवर येतो. खरं कारण विषाणूच्या एफ प्रथिनात आहे. हे प्रथिन कोंबडीच्याच एखाद्या एंझाइमनं कापल्याशिवाय विषाणूला पेशीत शिरता येत नाही. लासोटा किंवा एफ-1 या सौम्य जिवंत लसीतलं प्रथिन कापणारी एंझाइमं श्वासनलिका आणि आतड्यातच असतात, म्हणून तो विषाणू तिथेच अडतो. आर-टू-बीचं प्रथिन मात्र फ्युरिन नावाचं एंझाइम कापतं, आणि फ्युरिन जवळपास प्रत्येक पेशीत असतं. कोवळ्या पिल्लात हा विषाणू मेंदूपर्यंत पोचू शकतो.

म्हणून क्रम मोडू नका. 5 ते 7 व्या दिवशी लासोटा किंवा एफ-1 चा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. चौथ्या आठवड्याच्या सुमारास लासोटा पाण्यातून. आर-टू-बी आठव्या आठवड्याला, 0.5 मिली कातडीखाली. अंड्यावर असलेल्या कोंबडीला आर-टू-बी देऊ नका, अंडी घटतात. पहिल्याच दिवशी थेंब टाकण्याची घाईही नको, कारण आईकडून बलकातून आलेली प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी प्रथिनं) लसीचा विषाणू निकामी करतात.

पाण्यातून देताना विहिरीत किंवा टाकीत ब्लिचिंग टाकलेलं असेल तर लस वाया गेलीच. साधं पाणी घ्या आणि लिटरला 5 ग्रॅम स्किम्ड दूध पावडर मिसळा. कोंबड्यांचं पाणी आधी तासभर बंद ठेवा, आणि लसीचं पाणी दोन तासांत संपेल एवढंच बनवा. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा हे काम पहाटेच उरका.

लसीचा थेंब आपल्या डोळ्यात गेला तर स्वच्छ पाण्यानं लगेच धुवा. डोळे लाल होतात, दोन-चार दिवस चुरचुरतात, पण बहुधा तेवढ्यावरच भागतं. कारण विषाणूचं व्ही प्रथिन कोंबडीच्या पेशीतली इंटरफेरॉनची, म्हणजे विषाणूला रोखणारी, यंत्रणा दाबतं, माणसाच्या पेशीत ते जमत नाही. तरीही चष्मा घालूनच लस द्या.

पीपीआरमध्ये, म्हणजे शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगमध्ये, चूक उलटी होते. बकऱ्या मरू लागल्या की शेजारच्या गाईवर संशय घेतात. गाईला संसर्ग होतो, रक्तात प्रतिपिंडंही सापडतात, पण ती सहसा आजारी पडत नाही आणि रोग पुढे पसरवत नाही. रोग येतो तो बाजारातून आणलेल्या बकरीबरोबर. तिला 21 दिवस वेगळं बांधा. लस 3 महिन्यांपुढच्या बकरीला 1 मिली कातडीखाली. लसीत मिसळायचं द्रावण आधी थंड करून घ्या, मिसळलेली बाटली बर्फावर ठेवा आणि दोन तासांत संपवा.

लम्पीत गाठी आलेल्या जनावराला लस देऊ नका, सुई तर प्रत्येकाला नवीच. बकरीच्या देवीची लस गाईला चालते, कारण दोन्ही विषाणू एकाच कॅप्रीपॉक्स गटातले आणि त्यांची प्रथिनं खूप मिळतीजुळती.

बर्ड फ्लूबाबत ‘हा पक्ष्यांचा रोग’ म्हणून निर्धास्त राहू नका. त्याच्या विषाणूचं एच प्रथिन पक्ष्यांच्या पेशीवरच्या एका विशिष्ट साखरेला घट्ट चिकटतं, आणि तीच साखर गाईच्या कासेतही असते. अमेरिकेत 2024 साली दुभत्या गाईंमध्ये हाच विषाणू दुधात निघाला. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात 3 वाघ आणि 1 बिबट्या बर्ड फ्लूच्या एच5एन1 विषाणूनं दगावल्याचं जानेवारी 2025 मध्ये समोर आलं. म्हणून मेलेली कोंबडी कुत्र्या-मांजरांपुढे टाकू नका, दूध उकळूनच प्या. एकाएकी मरतूक दिसली की उघड्या हातानं काही न शिवता आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नमुना घेऊन झाल्यावरच खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा.