उत्तरं हातात आहेत, समीकरण शोधायचंय

नववीत केवलमूल्याचं (उभ्या रेघांच्या आत जे असेल त्याची ऋण चिन्ह सोडून किंमत) गणित सरळ येतं: |क्ष − ५| = २ सोडवा. ७ आणि ३, संपलं. मी मात्र उलटं विचारते, "ज्याची उत्तरं ३ आणि ११ येतील असं समीकरण सांगा." की सगळे माना खाली घालून वही चाळायला लागतात.

माझी शिकवणी पडवीत चालते, खाली शहाबादी फरशी. खडूनं एकेका फरशीवर ओळीनं आकडे टाकते. एक पोरगी ३ वर उभी, दुसरी ११ वर. तिसरीला सांगायचं, दोघींपासून सारख्याच अंतरावर जाऊन उभी राहा. ती इकडून मोजते, तिकडून मोजते आणि ७ वर येऊन थांबते. तिथून दोघीही ४ फरश्या लांब. केवलमूल्य म्हणजे अंतर. तेव्हा "७ पासून ४ अंतरावर" हेच लिहायचं: |क्ष − ७| = ४.

वहीत फरश्या नसतात. तिथे बेरजेचं निम्मं म्हणजे मध्य, वजाबाकीचं निम्मं म्हणजे अंतर. वजाबाकी मोठ्यातून लहान.

खरा घोळ ऋण संख्या आल्या की होतो. −५ आणि २ घ्या. बेरीज −३, मध्य −१.५. वजाबाकी ७, अंतर ३.५. इथे हमखास कुणीतरी |क्ष − १.५| लिहून मोकळं होतं. अरे, मध्यच वजा करायचाय ना? −१.५ वजा केला की अधिक होणार: |क्ष + १.५| = ३.५. दशांश डोळ्यांना खुपत असेल तर दोन्ही बाजू दुप्पट करा, |२क्ष + ३| = ७. आता ताळा. क्ष = २ घातला तर आत ७; −५ घातला तर आत −७, त्याचंही केवलमूल्य ७. ताळ्याशिवाय मी वही तपासत नाही.

एकच उत्तर हवं, समजा ६, तर अंतर शून्य: |क्ष − ६| = ०.

परवा एकानं विचारलं, "बाई, तीन उत्तरं? १, ५, ९?" एका मध्यापासून ठरावीक अंतरावर दोनच फरश्या असतात, त्यामुळे साध्या रूपात जमत नाही. पण रेघांच्या आत रेघा घातल्या तर जमतं: ||क्ष − ५| − २| = २. म्हणजे |क्ष − ५| एकतर ४, नाहीतर ०. चारातून ९ आणि १, शून्यातून ५. लगेच म्हणाला, "मग १, ३, ७, ९?" मध्य ५च आहे, एवढं सांगितलं आणि खडू त्याच्या हातात दिला.