‘सेट फायर टू’ वापरताना या चुका टाळा

‘द हाऊस सेट फायर.’ असं वाक्य वाचलं की अर्थ लागत नाही. घराला आग लागली, की घरानेच कशाला तरी आग लावली? मराठीत ‘लागणे’ आणि ‘लावणे’ यांत आपली कधीच गल्लत होत नाही. इंग्रजीत लिहायला बसलो की मात्र हाच भेद हातातून निसटतो, आणि या वाक्प्रचाराच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

आग लावणारा कोणी किंवा काहीतरी असेल तर ‘सेट फायर टू’. ‘दे सेट फायर टू द हाऊस’ म्हणजे त्यांनी घराला आग लावली. ‘घराला’मधला ‘ला’ म्हणजेच हा ‘टू’. तो गाळून ‘सेट फायर द हाऊस’ लिहिणं ही नेहमी आढळणारी चूक. ‘फायर’च्या आधी ‘अ’ किंवा ‘द’ही इथे येत नाही.

दुसरी रचना ‘सेट द हाऊस ऑन फायर’, म्हणजे घर पेटवलं. इथे पेटणारी वस्तू मध्ये येते आणि ‘टू’ जातो. दोन्ही रचना एकत्र करून ‘सेट ऑन फायर टू द हाऊस’ लिहू नका. सर्वनाम असेल तर ‘सेट फायर टू इट’ किंवा ‘सेट इट ऑन फायर’. वस्तूचं वर्णन लांबलचक असेल तर पहिली रचना घ्यावी. दुसरीत ‘ऑन फायर’ वाक्याच्या पार टोकाला जातं आणि वाचणाऱ्याचा धागा तुटतो.

भूतकाळातही ‘सेट’च राहतं, ‘सेटेड’ असं रूप नाही. आणि ‘ऑन’च्या जागी ‘इन’ नको. ‘द हाऊस इज इन फायर’ हे मराठी ‘आगीत’वरून आलेलं वाक्य आहे, घर जळतंय हे सांगायला ‘द हाऊस इज ऑन फायर’.

आता आग आपोआप लागली असेल तेव्हा काय? आपल्याकडे ‘गाडीने पेट घेतला’ असा नेमका प्रयोग आहे. इंग्रजीही तसंच म्हणते: ‘द कार कॉट फायर’. पेटणारी वस्तू कर्ता, क्रियापद ‘कॅच’. ‘फायर कॉट द कार’ हे उलटं झालं.

इथली चूक केवळ व्याकरणाची राहत नाही. ‘द कार वॉज सेट ऑन फायर’ एवढंच लिहिलं तर वाचणारा समजतो की कोणीतरी गाडी पेटवली. विम्याचा अर्ज, तक्रार किंवा बातमी लिहिताना कारण ठाऊक नसेल तर ‘कॉट फायर’ हेच प्रामाणिक आहे. नकळत एखाद्यावर आळ घेणारं वाक्य आपल्या हातून जाऊ नये. अर्थात ‘सेट फायर टू’ म्हणजे दर वेळी मुद्दामच असंही नाही: ‘अ सिगारेट सेट फायर टू द कर्टन’ यात सिगारेटमुळे पडदा पेटला एवढंच कळतं. माणसाच्या हातून चुकून घडलं असेल तर ‘ॲक्सिडेंटली’ जोडावं.

‘फायर’चं थेट क्रियापद करण्याचा मोहही टाळा. ‘ही फायर्ड’ म्हटलं की त्याने गोळी झाडली असा अर्थ निघतो, आणि ‘ही वॉज फायर्ड’ म्हणजे त्याला कामावरून काढलं.

मेणबत्ती, शेकोटी, चूल यांना ‘सेट फायर टू’ चालत नाही. जी वस्तू पेटवण्यासाठीच असते तिच्यासाठी ‘लाइट’ हे क्रियापद वापरायचं: ‘शी लिट द कँडल’. फटाके उडवायला ‘सेट ऑफ’. विझवायला ‘पुट आउट’. ‘पुट ऑफ द फायर’ लिहिलंत तर आग विझवली असा अर्थ होत नाही, कारण ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणं.

लाक्षणिक अर्थ वेगळेच. ‘शी इज ऑन फायर’ खेळाडूबद्दल असेल तर ती जबरदस्त खेळतेय, ही शाबासकी. ‘अंडर फायर’ म्हणजे टीकेचा किंवा गोळीबाराचा मारा सुरू असणं. ‘सेट द वर्ल्ड ऑन फायर’ म्हणजे कर्तृत्वाने जग गाजवणं. पण हा प्रयोग बहुधा नकारातच येतो. ‘हिज न्यू बुक वोन्ट सेट द वर्ल्ड ऑन फायर’ म्हणजे पुस्तक बेताचंच आहे. कौतुक करायचं असेल तर हे वाक्य वापरू नका.