हे सिस्टिम्स प्रोग्रामिंग आहे का, ते कसं ओळखावं

सी किंवा रस्टमध्ये लिहिलं की झालं सिस्टिम्स प्रोग्रामिंग, हे मला पटत नाही. सीमध्ये पगारपत्रकही लिहिता येतं, आणि डॉकर, म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन, गो भाषेत लिहिलंय. मी स्टोरेजवर काम करतो. कुणी विचारलं तर उलट दोन प्रश्न टाकतो: तुमच्या प्रोग्रॅमच्या जिवावर दुसरे प्रोग्रॅम चालतात का? आणि मेमरी, डिस्क, प्रोसेसर यांचा हिशोब तुम्ही स्वतः ठेवता का?

कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), ड्रायव्हर, कंपायलर यांच्याबद्दल वादच नाही. एनजिनएक्स हा वेब सर्व्हर? हो. त्याच्यामागे चालणारी तुमची वेबसाइट? नाही. डेटाबेसचं स्टोरेज इंजिन? हो, त्याला क्वेरी पाठवणारा कोड, नाही. मधल्या पट्ट्यातल्या गोष्टींवर भांडत बसू नका.

हा फरक हाताला कळायला हवा असेल तर लिनक्सवर एखाद्या फाइलवर कॅट (फाइल जशीच्या तशी छापणारी कमांड) चालवा, पण एसट्रेसखाली, म्हणजे प्रोग्रॅम कर्नलकडे काय काय मागतो ते दाखवणाऱ्या साधनाखाली. सुरुवातीचा लायब्ररी लोड होण्याचा गोंधळ सोडून द्या. शेवटाकडे ओपनॅट, रीड, राइट, क्लोज या कर्नलकडच्या मागण्या दिसतील: फाइल उघडा, वाचा, लिहा, बंद करा. रीडने शून्य परत दिलं की फाइल संपली.

आता हेच कॅट सीमध्ये स्वतः लिहा. लायब्ररीचं प्रिंटएफ नको, थेट रीड आणि राइट. राइटने काय परत दिलं ते बघायचंच. 4096 बाइट दिलेत आणि उत्तर 1000 आलं, तर ती चूक नव्हे. उरलेले 3096 तिथूनच पुढे पाठवायचे. उणे एक आलं तर एररनो (चुकीचा क्रमांक ठेवणारं व्हेरिएबल) बघा: ईइंटर असेल तर सिग्नलने, म्हणजे कर्नलकडून आलेल्या सूचनेने, मध्येच अडवलंय, पुन्हा प्रयत्न करा. बाकी चुका गिळू नका. नवशिक्यांचा कोड मी तपासतो तेव्हा आधी राइटचं उत्तर तपासणारी ओळ शोधतो (आणि बहुतेकदा ती नसते).

मग फाइलमध्ये लिहून बघा. राइट यशस्वी झालं म्हणजे डेटा डिस्कवर गेला असं नाही. तो सहसा कर्नलच्या पेज कॅशमध्ये, म्हणजे मेमरीतच, असतो. वीज गेली तर गेला. म्हणून एफसिंक: डेटा खरोखर डिस्कवर पोचवायला सांगणारी मागणी. नवी फाइल बनवली असेल तर तिच्या डिरेक्टरीवरही एफसिंक करा, नाहीतर डेटा असेल पण नाव सापडणार नाही.

शेवटी एखादी मोठी फाइल तुमच्या कॅटमधून पाइपने हेडला (पहिल्या ओळी दाखवणारी कमांड) द्या आणि कॅट एसट्रेसखाली ठेवा. हेड दहा ओळी घेऊन निघून जातं, आणि तुमच्या प्रोग्रॅमला सिगपाइप येतो, म्हणजे पलीकडे वाचणारं कुणी नाही असं सांगणारा सिग्नल. तो पकडायचा की गुपचूप मरायचं, ते तुम्ही ठरवा. कॅटसाठी मी मरू देतो. सर्व्हर असता तर नसता दिला.