युक्रेनच्या पुनर्बांधणीत उतरताय? या चुका टाळा

चाकणला झडपा बनवणाऱ्या एका काकांचा दर दोन-तीन महिन्यांनी फोन येतो. "काय रे, सुरू झालं का तिकडचं काम?" तिकडचं म्हणजे युक्रेनमधलं. मी असतो पोलंडच्या आग्नेय कोपऱ्यात, झेशूफला. इथून मेडिकाचा सीमानाका गाडीने तासाभरावर. लहान कारखानदारांच्या एका संघटनेच्या ऑफिसात मी काम करतो. खिडक्या, बॉयलर, पोलादी सांगाडे, तयार खोल्या बनवणारे आमचे सभासद आहेत. शेजारच्या देशात माल आणि काम घेऊन जाताना त्यांची जिथे जिथे अडते, तिथे कागद घेऊन मी धावतो. पोलिश कारखानदारांच्या चुका आणि काकांच्या प्रश्नांतल्या चुका यांत मला फारसा फरक दिसत नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

"युद्ध संपू दे, मग बघू"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हे लिहितो आहे तेव्हा युद्ध चालूच आहे, आणि बांधकामही. क्षेपणास्त्राने इमारतीच्या काचा फुटल्या तर हिवाळ्याआधी खिडक्या बसवाव्याच लागतात, तह होईपर्यंत कोणी थांबत नाही. ऑक्टोबर 2022 पासून वीजकेंद्रांवर हल्ले सुरू झाले, तेव्हापासून कंटेनरमधल्या बॉयलर आणि जनरेटरना मागणी आहे. खारकीव्हमध्ये 2023 पासून मेट्रो स्थानकांत वर्ग भरले आणि 2024 मध्ये जमिनीखाली शाळाच उभी राहिली. जे आधी गेले त्यांची तिथल्या नगरपालिकांशी ओळख झाली आहे. तहानंतर उठलात तर वरातीमागून घोडं.

उलट टोकाची चूकही असते. जागतिक बँक, युरोपीय आयोग, संयुक्त राष्ट्रं आणि युक्रेन सरकार यांनी फेब्रुवारी 2025 मध्ये पुढच्या दहा वर्षांची गरज 524 अब्ज डॉलर धरली. हा आकडा ऐकून आमच्या एका सभासदाने त्याच आठवड्यात नवीन शेडसाठी बँकेत अर्ज केला. बाजारात तुरी! 524 अब्ज ही गरज आहे, कुठे ठेवलेली थैली नव्हे. युरोपीय संघाने 2024 ते 2027 साठी मंजूर केलेले 50 अब्ज युरो खरे आहेत, पण त्यातला मोठा वाटा थेट युक्रेनच्या सरकारी खर्चाला आधार म्हणून जातो, तोही सुधारणांच्या अटी पूर्ण झाल्यावर, हप्त्याहप्त्याने. तुमच्यापर्यंत येईल ती एखाद्या ह्रोमादाची, म्हणजे आसपासची गावं मिळून झालेल्या तिथल्या पालिकेची, दोनशे खिडक्यांची निविदा.

परिषदेतून परत येताना खिशात फक्त कार्डं

लुगानो 2022, लंडन 2023, बर्लिन 2024, रोम 2025. मोठ्या पुनर्बांधणी परिषदा या अशा झाल्या, आणि वॉर्सात दरवर्षीचं प्रदर्शन वेगळंच. जाऊ नका असं म्हणत नाही. पण तिथे सह्या होतात त्या देशांच्या, बँकांच्या आणि फार मोठ्या कंपन्यांच्या. चाळीस कामगारांच्या कारखान्याला त्या मांडवात काही मिळालेलं मी पाहिलं नाही. कॉफी चांगली असते.

यात संघटनाही चुकतात, आमचीही चुकली. 2023 मध्ये बस भरून सभासदांना आम्ही ल्वीवला नेलं. प्रत्येकाने पंधरा मिनिटं आपल्या कारखान्याची फिल्म दाखवली, पालिकेच्या अधिकाऱ्यांनी सौजन्याने पाहिली, आणि एकाही ऑर्डरशिवाय बस परतली. नंतर शहाणपण आलं. झेशूफची ल्वीव, लुत्स्क आणि इवानो-फ्रांकीव्स्क या शहरांशी जुनी भगिनी-शहर मैत्री आहे. त्या ओळखीतून आधी विचारायचं, की यंदा तुम्ही नेमकं काय दुरुस्त करताय? उत्तर आलं की त्या एका कामापुरत्या तीन सभासदांची मोट बांधायची: सांगाडा एकाचा, खिडक्या दुसऱ्याच्या, बॉयलर तिसऱ्याचा. बाकीचे रुसतात. रुसू द्यावं.

निविदा अपात्र का ठरते

इथे जरा थांबतो, कारण माझे बहुतेक दिवस यातच जातात.

युक्रेनची सरकारी खरेदी प्रोझोरो नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून होते. 2016 पासून ती सगळ्या सरकारी खात्यांना बंधनकारक आहे. पुनर्बांधणीचे प्रकल्प कुठे, कोणत्या टप्प्यावर, कोणाच्या पैशाने चालले आहेत हे ड्रीम नावाच्या दुसऱ्या खुल्या यादीत दिसतं. दोन्ही फुकट पाहता येतात. तरी लोक "आतली खबर" देणारा दलाल शोधतात आणि त्याला पैसे मोजतात. आपल्याकडची सवय इथेही आहे म्हणा.

अपात्र ठरण्याचं पहिलं कारण नाव. पोलिश नाव सिरिलिक लिपीत लिहिताना नोंदणीच्या दाखल्यावर एक, संचालकाच्या अधिकारपत्रावर दुसरं आणि बँकेच्या हमीपत्रावर तिसरं स्पेलिंग. सातबारावरचं नाव आधारशी जुळत नाही म्हणून ज्याने तलाठ्याकडे खेटे घातले आहेत, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. उपाय सोपा आहे: पहिल्याच दिवशी सगळ्या नावांचं एक पान करा, एकाच भाषांतरकाराकडून ते कायम करून घ्या, आणि पुढचा प्रत्येक कागद त्या पानावरून.

दुसरं कारण वेळ. कागदात त्रुटी असेल तर खरेदी करणारं खातं ती दुरुस्त करायला प्रणालीतूनच कळवतं, आणि हातात असतात 24 तास. आमच्या एका सभासदाला असा निरोप शुक्रवारी संध्याकाळी आला. मालक मासे पकडायला गेलेले, लेखनीसबाई घरी. सोमवारी सकाळी त्यांनी संगणक उघडला तेव्हा सर्वांत कमी दर त्यांचाच होता आणि काम दुसऱ्याला गेलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे शनिवार-रविवारची पाळी लावली आहे. संघटनेने करण्याजोगं काम हे! भाषणांपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

तिसरं कारण मानकं. माल युरोपच्या नियमांत बसतो असं सांगणारं सीई चिन्ह आहे, मग झालं, असं पोलिश कारखानदार गृहीत धरतो. युक्रेनचे स्वतःचे बांधकाम नियम आहेत, डेबेएन म्हणतात त्यांना, आणि नकाशा तिथल्या परवानाधारक अभियंत्याने तपासलेला लागतो. शाळा किंवा दवाखाना असेल तर आसऱ्याची, म्हणजे बंकरची, सोय आराखड्यातच हवी. ती विसरून दर भरलात तर दर चुकलाच.

माल निघाला, पैसे अडकले

"दारापर्यंत पोच, सगळे कर आमचे", अशा अटीवर दर देऊ नका. ज्या विक्रेत्याची युक्रेनमध्ये नोंदणी नाही त्याला तिथे आयातदार म्हणून उभं राहणं जिकिरीचं, आणि वर 20 टक्के आयात-व्हॅट. आयात ग्राहकाच्या नावावर होऊ द्या. पोलंडच्या बाजूला निर्यातीवर शून्य टक्के व्हॅट लागतो, पण माल सीमेपार गेल्याचा आयई-599 हा संदेश हातात असेल तरच. तो वेळेत मिळवला नाही म्हणून 23 टक्के आधी भरून मागाहून परताव्याच्या मागे लागलेले लोक मला माहीत आहेत.

त्यात युद्धकाळातले चलननियम. युक्रेनच्या ग्राहकाने आगाऊ रक्कम पाठवली की 180 दिवसांच्या आत माल तिथे पोचावा लागतो, नाहीतर दंड त्याच्या माथी. सहा महिने खूप वाटतात. पण नोव्हेंबर 2023 मध्ये पोलिश ट्रकवाल्यांनी दोरोहुस्कसारखे नाके अडवले, पुढे शेतकरी उतरले, आणि ते सगळं 2024 च्या वसंतापर्यंत चाललं. आमच्या सभासदांचे ट्रक आमच्याच देशबांधवांनी अडवून ठेवलेले! तेव्हापासून करारात नाकेबंदीचं कलम वेगळं लिहितो. "अनपेक्षित आपत्ती" या शब्दांत युद्ध धरू नका. युद्ध ठाऊक असूनच तुम्ही सही केलीत, असं समोरचा वकील म्हणेल.

रेल्वेने पाठवू म्हणणाऱ्यांना एवढंच: पोलंडचे रूळ 1435 मिलिमीटरचे, युक्रेनचे 1520. सीमेवर माल तरी बदलावा लागतो नाहीतर चाकं तरी.

विमा सहीच्या आधी काढा. नेहमीच्या पॉलिसीत युद्धाचं नुकसान वगळलेलं असतं. पोलंडमध्ये सरकारी पाठबळाची कूके ही निर्यात विमा संस्था युक्रेनमधल्या व्यवहारांना आणि गुंतवणुकीला संरक्षण देते, पण कागद तपासायला त्यांनाही वेळ लागतो. माल ट्रकमध्ये चढल्यावर येणारा सभासद मला आता ओळखू येतो. तो फोनवर आधी हवापाण्याबद्दल बोलतो.

भागीदाराला हा प्रश्न विचारलात का?

तिथला भागीदार निवडताना सगळे त्याचा ताळेबंद बघतात. वेल्डर किती आणि त्यातले सैन्यात न नेण्याची मुभा असलेले किती, हे विचारत नाहीत. 2024 मध्ये भरतीचं किमान वय 27 वरून 25 वर आलं. महत्त्वाचा उद्योग म्हणून मान्यता असलेल्या कंपनीला आपली काही माणसं राखता येतात, बाकीच्यांना नाही. इवानो-फ्रांकीव्स्कजवळ आमच्या सभासदाचं छपराचं काम चार महिने रखडलं, कारण जोडारीच उरले नव्हते. त्या भागीदाराला दोष देणं मला जमलं नाही.

आणि काकांसाठी

वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या हजारो पोलिश निर्वासितांना वळिवड्याच्या छावणीने आसरा दिला, त्याची ती आठवण. ऑगस्ट 2024 मध्ये भारताचे पंतप्रधान आधी तिथे आणि मग रेल्वेने कीव्हला गेले, तेव्हा काकांचा उत्साह उतू जात होता. पण मैत्री वेगळी आणि मालाचं मूळ वेगळं. सरकारी खरेदीच्या जागतिक करारात युक्रेन 2016 पासून आहे, युरोपीय संघही आहे. भारत त्यात केवळ निरीक्षक आहे. त्यामुळे युक्रेनच्या निविदेत स्थानिक उत्पादनाची अट येते तेव्हा पोलिश मालाला मिळणारी सूट पुण्याच्या मालाला आपोआप मिळत नाही. युरोपच्या पैशातल्या काही कामांना मालाच्या मूळ देशाची अटही असते. पोलिश कंपनीचं लेबल लावून भागवू, हा सल्ला कोणी दिला तर तिथून उठा.

मग मार्ग कोणता? सुटा भाग म्हणून जा. काका झडपा बनवतात, माझा एक सभासद कंटेनरमध्ये अख्खं बॉयलरघर बसवतो. त्याला झडपा लागतातच आणि दराची घासाघीस तो आनंदाने करतो. गेल्या आठवड्यात काकांनी नकाशे पाठवले. मी उलट एकच गोष्ट विचारली आहे: 80 मिलिमीटरच्या झडपेच्या फ्लँजला, म्हणजे पाइपला बोल्टने जोडायच्या कड्याला, भोकं चार की आठ? जुन्या सोव्हिएत पाइपलाइनवर भोकं किती आहेत हे बघितल्याशिवाय माल भरू नका. काका म्हणाले, "फोरमनला विचारून सांगतो."