विकिपीडियावर मराठी पानाचं नाव कसं ठेवायचं आणि बाकीच्या भाषांशी कसं जोडायचं

समजा मुंबईतल्या शीव स्टेशनचं पान करायचंय. हिंदी-इंग्रजीत सायन, आपल्याकडे शीव, मग पानाचं नाव पण 'शीव रेल्वे स्थानक'च ठेवा, इंग्रजी शीर्षक बघून तेच देवनागरीत उतरवू नका प्लीज, मराठी माणूस जे बोलतो तेच शीर्षक.

पण आधी सर्च करा. कोणीतरी 'सायन' नावाने पान केलेलं असू शकतं. असेल तर नवीन पान काढून मजकूर कॉपी-पेस्ट करायचा नाही, 'स्थानांतरण' वापरायचं, म्हणजे पानाचा इतिहास शाबूत राहतो आणि जुनं नाव आपोआप नव्या पानाकडे वळतं. पान नसेल तर शीवचं पान झाल्यावर 'सायन' नावाचं छोटं पान करून त्यात एवढंच टाका: #पुनर्निर्देशन [[शीव रेल्वे स्थानक]]

ही पुनर्निर्देशनं, म्हणजे दुसऱ्या नावावरून खऱ्या पानाकडे नेणारी छोटी पानं, कंटाळा न करता करा. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं २०१८ मध्ये प्रभादेवी झालं तरी २०१७ च्या चेंगराचेंगरीच्या बातम्यांमध्ये जुनंच नाव आहे, ते शोधत येणारा माणूस रिकाम्या हाती जाता कामा नये. सीएसएमटीचं तर विचारूच नका, व्हीटी, मग १९९६ पासून सीएसटी, २०१७ मध्ये 'महाराज' जोडलं गेलं, आणि लोक अजून तिन्ही नावं टाईप करतात.

एक गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. 'ऱ्हा' दोन तऱ्हेने टाईप होतो, काही कीबोर्ड 'ऱ' हे वेगळं अक्षर टाकतात, काही साध्या 'र्' नंतर एक अदृश्य जोडखूण. दिसायला सेम, पण विकीसाठी ती दोन वेगळी शीर्षकं. त्यामुळे कऱ्हाडसारख्या नावाला दोन्ही रूपं पाहिजेतच, एकावर पान आणि दुसऱ्यावरून पुनर्निर्देशन.

शेवटी विकिडेटा, म्हणजे सगळ्या भाषांच्या विकिपीडियांची सामायिक नोंदवही. २०१३ पासून भाषांमधले दुवे तिथेच राहतात, तिथे त्या स्टेशनची नोंद उघडून मराठी पान जोडायचं, सायन हे 'इतर नावे' मध्ये टाकायचं. नावं सगळीकडे सारखी असायची काहीच गरज नाही, वस्तू एकच पाहिजे. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो, स्टेशनचं पान जाऊन शीव वस्तीच्या नोंदीला चिकटतं. एका नोंदीला मराठी विकिपीडियाचं एकच पान जोडता येतं, म्हणून 'आधीच जोडलेलं आहे' असा मेसेज आला तर जबरदस्ती करू नका, नोंदीचं वर्णन नीट वाचा, वस्तीची असेल तर स्टेशनची वेगळी शोधा.