रिक्वायरमेंट मॅनेजमेंट सॉफ्टवेअर आणताय? आमच्या या चुका टाळा

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत डिझाइन बघतो. पावसाळ्याच्या तोंडावर ग्राहकाचा दोन ओळींचा मेल आला: खाडीकाठच्या पंपिंग स्टेशनसाठीची पॅनेल्स आता आयपी ५४ ऐवजी आयपी ६५ हवीत (आयपी म्हणजे पेटी धूळ-पाणी किती अडवते त्याचा दर्जा). म्हणायला एका आकड्याचा बदल. पण आयपी ६५ म्हणजे धूळ अजिबात आत जायला नको आणि पाण्याचा फवारा मारला तरी चालायला हवं. मग दारावरचा फिल्टर फॅन गेला. आत ३० किलोवॅटचे दोन ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारी उपकरणं. ड्राइव्ह आपल्या क्षमतेच्या साधारण दोन-तीन टक्के उष्णता म्हणून बाहेर टाकतो, म्हणजे बंद पेटीत दीड किलोवॅटचा हीटर चालू ठेवल्यासारखंच. म्हणून पॅनेल एसी. एसी आला की त्याचा एमसीबी, त्याची केबल, बाजूला वाढलेली रुंदी आणि त्यामुळे जीए ड्रॉइंग, म्हणजे पॅनेलची मापं आणि मांडणी दाखवणारं.

एवढं सगळं आम्हाला सुचलं. एसीचं पाणी बाहेर काढायची नळी मात्र कुणालाच सुचली नाही. ती असेंब्लीत, पत्रा पेंट होऊन आल्यावर आठवली.

ग्राहकाची प्रत्येक मागणी (रिक्वायरमेंट) नोंदवून ती डिझाइन आणि चाचणीशी जोडून ठेवणारं सॉफ्टवेअर तेव्हा आमच्याकडे येऊन आठ महिने झाले होते. तरीही ‘हे बदललं तर काय काय हलेल?’ याचं उत्तर आम्ही फोनाफोनी करून शोधलं. हे सॉफ्टवेअर घ्यायचं असतं ते बदलाचा मेल येतो त्या दिवसासाठी. त्या दिवशी ते मुकं का राहिलं, ते शोधत गेलो तेव्हा सापडलेल्या चुका खाली देतोय.

टेंडर जसंच्या तसं आत ओतलं

इम्पोर्टचं बटण सोपं असतं. सत्तर पानांचं स्पेसिफिकेशन दहा मिनिटांत आत गेलं, प्रत्येक परिच्छेदाला आयडी मिळाला आणि आम्ही एकमेकांची पाठ थोपटली. त्यातला एक परिच्छेद असा होता: पॅनेल हवेशीर असावं, आयपी ५४ असावं, देखभालीला सोपं असावं आणि आतलं तापमान ड्राइव्हच्या मर्यादेत राहावं. चार गोष्टी, एक आयडी. आयपीचा आकडा बदलला तेव्हा सॉफ्टवेअरला एवढंच कळलं की ‘या परिच्छेदात काहीतरी बदललंय’. ‘हवेशीर’ आणि ‘आयपी ६५’ आता एकमेकांच्या विरोधात उभे आहेत, हे त्याला कसं कळणार?

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. प्रत्येक वाक्य फोडा. ‘आणि’ दिसला की थांबा. आयएसओ २९१४८ या मानकात चांगल्या रिक्वायरमेंटची लक्षणं दिली आहेत. त्यातली दोन भिंतीवर लावली तरी पुरे: एका वाक्यात एकच गोष्ट, आणि ती तपासता आली पाहिजे. ‘देखभालीला सोपं’ कसं तपासणार? ग्राहकाला विचारलं तर त्यांना म्हणायचं होतं की फिल्टर बदलायला दार उघडून मेन स्विच बंद करावा लागू नये. हे तपासता येतं.

वाक्यरचनेसाठी ‘इअर्स’ नावाची पद्धत उपयोगी पडते. रोल्स-रॉइसमधल्या इंजिनिअरांनी ती २००९ मध्ये मांडली: अमुक घडलं की तमुक यंत्रणेने हे करावं, अमुक स्थितीत असताना ते करावं. आपल्याला ही रचना जड जात नाही. मराठीत आपण ‘जेव्हा-तेव्हा’ लावूनच बोलतो.

सगळ्याला सगळं जोडलं

ट्रेसेबिलिटी, म्हणजे कुठली मागणी कुठल्या भागापर्यंत आणि चाचणीपर्यंत पोचते याचा माग. त्यात जितक्या लिंक तितकं चांगलं, असा आमचा समज. पॅनेलच्या रंगापासून केबल ग्लँडपर्यंत सगळं एकमेकांना बांधून टाकलं. अशा सॉफ्टवेअरमध्ये एका टोकाचं वाक्य बदललं की लिंकवर ‘संशयित’ अशी खूण येते, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या माणसाने येऊन बघायचं. आयपीच्या बदलानंतर अशा शेकडो खुणा पेटल्या. मी स्वतः, दुपारी जेवून आल्यावर, सगळ्या सिलेक्ट करून ‘क्लिअर’ दाबलं. कबूल करायला लाज वाटते, पण पाण्याच्या नळीचा प्रश्न त्यातल्याच एका खुणेत दडला असणार.

आता लिंक फक्त एका दिशेने जातात: ग्राहकाची मागणी, त्यावरून आपली सिस्टिमची मागणी, मग भाग, मग चाचणी. शेजाऱ्याला शेजारी जोडायचा नाही. खूण फक्त त्या भागाचा मालक काढेल, आणि का काढली ते एका ओळीत लिहील. घाऊक क्लिअर करायचा अधिकार आम्ही सेटिंगमधून काढूनच टाकलाय. माझाही.

एक्सेल जिवंत ठेवलं

लक्षण ओळखायला सोपं: मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, ‘थांबा, माझ्या शीटमध्ये लेटेस्ट आहे.’ सॉफ्टवेअर आणि शीट शेजारी शेजारी नांदत असतील तर महिनाभरात शीट जिंकते, कारण ती हाताशी असते. ग्राहक किंवा व्हेंडर एक्सेलच मागत असेल तर जरूर द्या, पण आयडीचा कॉलम लॉक करून. आमच्याकडे एकदा शीट परत आली ती आयडीचा कॉलम उडवून, वर ओळी नव्याने सॉर्ट करून. समोरच्याकडेही असं सॉफ्टवेअर असेल तर रेकआयएफ या फाइलप्रकारात देवाणघेवाण करा. ओएमजी या संस्थेने तो २०११ मध्ये याच कामासाठी मानक म्हणून ठरवला.

लायसन्स वाचवायला गेलो

लायसन्स महाग, म्हणून फक्त डिझाइनवाल्यांना दिली. टेस्टिंगचे काका प्रिंटवर काम करत राहिले. फॅक्टरी चाचणीच्या दिवशी मी त्यांना आयपी ६५ची गॅस्केट बघायला सांगितली.

‘साहेब, माझ्या कागदावर तर चोपन्नच आहे.’

‘काका, कागद कधीचा?’

त्यांनी कोपऱ्यातली तारीख दाखवली. मेल येण्याच्या तीन आठवडे आधीची.

फक्त वाचण्यापुरती लायसन्स बहुतेक ठिकाणी स्वस्त असतात. डोअर्स, पोलारियन, कोडबीमर, जामा या सॉफ्टवेअरांत निवड करताना आम्ही फीचरच्या याद्या जुळवत बसलो. पहिला प्रश्न असा हवा होता की चाचणी करणाऱ्या आणि खरेदी बघणाऱ्या माणसाला त्यात सहज डोकावता येईल का. टीम पाच-सहा जणांची असेल आणि ग्राहकाची सक्ती नसेल तर इतका खर्च करूही नका. डोअरस्टॉपसारखं मोफत साधनही आहे, ते प्रत्येक रिक्वायरमेंट साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतं आणि गिटवर (फाइलमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या मोफत साधनावर) चालतं. मात्र गिट वापरणारं कुणीतरी लागेल. रेल्वेच्या सिग्नलिंगसारख्या कामात, जिथे ईएन ५०७१६सारखी (आधीचं ईएन ५०१२८) मानकं ट्रेसेबिलिटी मागतात, तिथे मात्र काटकसर नको.

बाकीच्या, पटकन सांगण्यासारख्या

पहिल्या दिवशी सत्तावीस रकाने सक्तीचे करू नका. लोक सगळीकडे ‘लागू नाही’ टाकतात. आयडी, मजकूर, स्रोत, मालक, स्थिती आणि पडताळणीची पद्धत (तपासणी, विश्लेषण, प्रात्यक्षिक की चाचणी) एवढं आम्हाला पुरतं.

बेसलाइन, म्हणजे त्या दिवशी ठरलेल्या सगळ्या मागण्यांची गोठवलेली प्रत, घ्यायला विसरू नका: ऑर्डर आली की एक, ड्रॉइंग मंजूर झालं की एक, फॅक्टरी चाचणीआधी एक. आयपीच्या बदलाचे पैसे मागताना ‘आधी काय ठरलं होतं’ हे दाखवायला आमच्याकडे बेसलाइन नव्हती, आणि बोलणं मेलचे स्क्रीनशॉट शोधण्यावर आलं.

सुरुवातीला आधीच लेट झालेलं प्रोजेक्ट घेऊ नका. आणि सॉफ्टवेअरचा सगळा जिम्मा एकाच मुलाकडे देऊ नका. आमचा मुलगा ऐरोलीच्या आयटी कंपनीत गेला, आणि ॲडमिनचा पासवर्ड मिळवायला त्याला ठाणे लोकलमध्ये गाठावं लागलं.

एवढं सुधारून झाल्यावर गेल्या महिन्यात पुन्हा बदल आला. रंग आरएएल ७०३२ ऐवजी ७०३५. सॉफ्टवेअरने चार मिनिटांत सांगितलं: दोन ड्रॉइंग, एक चाचणी, नेमप्लेटचा एक तपशील. मी खुश होऊन महापेच्या पावडर कोटिंगवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, दोन दरवाजे सकाळीच ७०३२ मध्ये निघाले. व्हेंडरच्या ऑर्डरचा नंबर टाकायला आमच्याकडे रकानाच नव्हता. आता आहे, सातवा.