कुंडीतली माती दगड का होते? घरी सेंद्रिय मिश्रण करताना या चुका टाळा

रोप मलूल दिसलं की पहिला संशय खतावर जातो. मग आणखी मूठभर शेणखत, वर चमचाभर निंबोळी पेंड, चार दिवसांनी केळीच्या सालींचं पाणी. घरी केलेल्या मिश्रणात खत बहुधा पुरेसं असतं, कित्येकदा जास्तच असतं. कमी असते ती हवा. शेतात जादा पाणी खोल मुरतं आणि गांडुळं जमीन पोकळ ठेवतात. कुंडीत सगळा कारभार फूटभर उंचीत उरकायचा असतो, त्यात रोज वरून पाणी पडून माती दबत जाते. खालच्या बहुतेक चुका फिरून याच मुद्द्यापाशी येतात.

गावाकडची काळी माती जशीच्या तशी भरणं

काळी माती कसदार असते, यात वाद नाही. पण दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेली ही चिकणमाती भिजली की फुगते, वाळली की आकसते. शेतात उन्हाळ्यात भेगा पडतात त्या याच गुणामुळे. कुंडीत भेग पडते ती माती आणि कुंडीची कड यांच्यामध्ये. घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरतं, ताटलीत जमा होतं आणि कुंडी भिजली असं वाटतं. मधला गोळा मात्र कोरडाच राहतो.

माती कशी आहे ते घरी कळतं. काचेच्या उभट बरणीत तिसरा हिस्सा माती घ्या, पाणी भरून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक गाळ, दोन-तीन तासांत, चिकणमातीला दिवस किंवा जास्तही लागतो. वरचा चिकणमातीचा थर निम्म्याहून जाड असेल, तर ती माती मिश्रणात पाव हिश्श्याहून जास्त नको. दुसरी चाचणी व्हिनेगरची. कोरड्या मातीवर चमचाभर टाका. फसफसली तर चुनखड आहे. अशा मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही, म्हणून कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मोगरा, गुलाब, लिंबू यांच्यावर हे लवकर दिसतं. लोक याला खताची कमतरता समजून शेणखत वाढवतात आणि मग मुळंही गुदमरतात.

‘लाल माती’ म्हणून विकत मिळते तीही बघूनच घ्यावी. पिठासारखी बारीक असेल तर दोन महिन्यांत तिची वीट होते. कोकणातली जांभ्याची माती मोकळी असते, पण आम्लधर्मी. तिला मूठभर लाकडाची राख मानवते. काळ्या मातीचा सामू (पीएच) मुळातच वरचा असतो, तिच्यात राख घालणं म्हणजे दुखण्यात भर.

चिकण मातीत वाळू मिसळली की ती मोकळी होते, हाही एक गैरसमज. गिलाव्याची बारीक वाळू चिकणमातीत गेली तर दोन्ही मिळून काँक्रीटसारखं काहीतरी तयार होतं. वाळू घ्यायचीच तर ज्वारीच्या दाण्याएवढी जाड, धुतलेली, आणि चिमूटभर नव्हे तर चांगली पाचवा हिस्सा. समुद्राची वाळू नकोच, तिच्यातलं मीठ मुळांना भोवतं. विटांचा चुरा याहून बरा: ३ ते ६ मिलिमीटरचे तुकडे चाळून घ्यायचे, खालची भुकटी टाकून द्यायची. भात पिकतो तिथे अर्धवट जळलेलं काळं तूस सहज मिळतं, तेही उत्तम आणि वजनाला हलकं.

तळाशी खडीचा थर

‘पाण्याचा निचरा व्हावा म्हणून तळाशी दोन इंच खडी’ हे इतक्या ठिकाणी सांगितलं जातं की चूक म्हणून नोंदवताना हात थोडा अडखळतो. पण पाण्याचं वागणं वेगळं आहे. बारीक कणांच्या मातीतून जाड कणांच्या थरात पाणी सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भरेपर्यंत ते सीमेवरच लटकून राहतं. म्हणजे कुंडीच्या तळाशी जो चिखलाचा थर राहिला असता, तो आता खडीच्या वर, मुळांच्या आणखी जवळ राहतो.

भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा. पाणी गळायचं थांबलं की तोच उभा करा, आणखी पाणी गळेल. उंची वाढली की निचरा वाढतो. खडी घालून आपण मातीची उंची कमी करतो, म्हणजे नेमकं उलटं. पसरट, उथळ कुंड्यांत मुळं लवकर सडतात तीही याच कारणाने. भोकावर खापराचा बाकदार तुकडा पालथा ठेवला किंवा नारळाची शेंडी अंथरली की पुरे, माती वाहून जात नाही. प्लॅस्टिकच्या कुंडीची भोकं मुळात उघडलेली आहेत का तेही बघा. पुष्कळदा फक्त खुणा असतात. १२ इंची कुंडीला सेंटिमीटरभर रुंदीची चार-पाच भोकं हवीत.

कच्चं खत

सगळ्यात जास्त रोपं इथे जातात. शेणखत ‘जुनं’ आहे असं विकणारा सांगतो. ते खरं आहे का, हे तीन गोष्टींवरून कळतं. वास पावसाळ्यातल्या मातीसारखा हवा, नाकाला झोंबणारा वास म्हणजे अमोनिया अजून सुटतोय. ढिगाच्या मधोमध हात घातला तर गरम लागता कामा नये. आणि मुठीत घेतल्यावर काडी, गवत, शेणाचा गोवरीसारखा तुकडा वेगळा ओळखू येता कामा नये.

पाल्यापाचोळ्याची अडचण वेगळी. त्यात कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र (नायट्रोजन) कमी. लाकडाच्या भुशात तर हे प्रमाण फारच एकांगी असतं. असा कच्चा माल कुंडीत गेला की त्याला कुजवणारे जिवाणू नत्र स्वतःसाठी ओढतात आणि झाड पिवळं पडतं. पाचोळा आधी वेगळा कुजवा. तीन पाट्या सुक्या पाचोळ्याला एक पाटी ओला भाजीपाल्याचा कचरा, ओलावा पिळलेल्या फडक्याइतका, आठवड्यातून एकदा उलथापालथ. तीन-चार महिने लागतात. भुसा मिश्रणात नकोच. रसवंतीवरचं उसाचं चिपाड गच्चीबागांत वापरतात, पण ते कडकडीत वाळलेलं हवं. ताजं घातलं तर मुंग्यांना आमंत्रण.

खताचा भरवसा नसेल तर एक वाटी खत आणि एक वाटी माती मिसळून त्यात मुगाचे दहा दाणे पेरा. आठ-नऊ दाणे उगवून आठवडाभर नीट उभे राहिले तर खत वापरा. उगवलेच नाहीत, किंवा कोंबांची टोकं जळाली, तर ओलसर करून आणखी महिनाभर सावलीत ठेवा.

गांडूळखताबाबत चूक उलटी होते. ते चांगलं असतं म्हणून अर्धी कुंडी भरली जाते. चहापत्तीसारख्या त्याच्या बारीक कणांनी पोकळ्या बुजतात आणि पाणी धरून राहतं. तीस टक्क्यांच्या पुढे जाऊ नका. थोडं खत पाण्यात ढवळून बघा. तळाशी वाळू-मातीचा जाड थर बसला तर खताच्या भावाने माती विकत घेतली.

चाळणी मात्र चुकवू नका. शेणखतात हुमणीच्या अळ्या येतात: पांढऱ्या, जाडजूड, इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या, डोकं तपकिरी. एका कुंडीत दोन जरी राहिल्या तरी मुळं कुरतडतात आणि हिरवंगार झाड एका दिवसात मान टाकतं. अर्ध्या इंचाच्या जाळीतून खत चाळलं की हाताने वेचता येतात. वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतात, तेव्हा खताचं पोतं रात्री उघडं ठेवू नये.

कोकोपीट न धुता वापरणं

नारळाच्या सोडणाच्या या भुशात सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. पाच किलोची वीट भिजवली की साधारण ६५ ते ७५ लिटर कोकोपीट मिळतं. टबात भिजवा, फुगल्यावर गोणपाटात किंवा जुन्या ओढणीत पिळा, पुन्हा स्वच्छ पाणी घाला. असं तीनदा. पहिलं पाणी काळ्या चहासारखं निघतं, तिसरं फिकं हवं. न धुतलेल्या कोकोपीटची खूण म्हणजे पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत होणं.

प्रमाण मोजताना कोकोपीट फुगलेलं, मोकळं करून मोजायचं. सगळी प्रमाणं आकारमानाची असतात, वजनाची नव्हेत. एक किलो माती आणि एक किलो सुकं कोकोपीट असं घेतलं तर मिश्रणात माती शोधावी लागेल.

दुसरं टोक म्हणजे माती टाळून नुसतं कोकोपीट आणि खत. पालक-मेथीच्या एका पिकाला चालतं. लिंबू, कढीपत्ता, जास्वंदीला नाही. सेंद्रिय भाग कुजत जातो आणि वर्षभरात कुंडी तीन-चार इंच खाली बसते. अशा झाडांच्या मिश्रणात निम्मा भाग माती आणि विटांचा चुरा हवा.

जमणारं प्रमाण

काळ्या मातीच्या भागात, भाजी आणि फुलझाडांसाठी, १२ इंची दोन कुंड्यांपुरतं: चाळलेली माती ६ लिटर, धुतलेलं कोकोपीट ९ लिटर, गांडूळखत किंवा मुरलेलं शेणखत ९ लिटर, विटांचा चुरा किंवा काळं तूस ६ लिटर, निंबोळी पेंड १०० ग्रॅम. बेरीज ३० लिटर दिसते, पण बारीक कण पोकळीत बसत असल्यामुळे मिश्रण थोडं कमीच भरतं. लाल, मोकळी माती असेल तर ती ९ लिटर आणि कोकोपीट ६ लिटर घ्या. कोकणातल्या पावसात उघड्यावर ठेवायच्या कुंडीत चुरा आणखी ३ लिटर वाढवा.

निंबोळी पेंड मिसळल्यावर लगेच बी पेरू नये. ओली पेंड कुजताना तापते आणि बियांना बाधते. पृष्ठभागावर पांढरी बुरशी दिसली तर ती पेंडीवरची, घाबरण्यासारखं काही नाही. ट्रायकोडर्मा ही रोगकारक बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी. ती घालायची तर खतात, किलोला १० ग्रॅम, आणि बुरशीनाशकाच्या जोडीला कधीच नाही. मिश्रण ओलसर करून सावलीत १० ते १५ दिवस ठेवा, तीन-चार दिवसांनी वरखाली करा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवलं तर आतून आंबतं. पोतं बरं.

तयार मिश्रणाची मूठ घट्ट आवळा. गोळा व्हायला हवा, पाण्याचा एखाद-दुसराच थेंब निघावा, आणि बोटाने टोचल्यावर गोळा फुटावा. फुटला नाही तर चुरा वाढवा.

अंड्याची टरफलं, चहाचा चोथा, केळीची सालं यांबद्दल थोडक्यात: टरफलांतलं कॅल्शियम सुटायला महिनोन्महिने लागतात, त्यामुळे या हंगामातल्या टोमॅटोला त्याचा उपयोग नाही. दूध-साखरेच्या चहाचा चोथा धुतल्याशिवाय नको. सालं आधी खताच्या डब्यात, मग कुंडीत.

कुंडी भरून झाल्यावर लक्षात आलं तर

माती ओली आणि तरी रोप मलूल, ही सर्वांत फसवी खूण. पाहणारा आणखी पाणी घालतो. बोट दोन इंच खुपसून बघा. आत ओल असेल तर पाणी बंद करा आणि कुंडी कलती करून मुळांचा गड्डा बाहेर काढा. पांढरी, टणक मुळं ठीक. तपकिरी, बोटात साल सुटणारी मुळं सडलेली. ती कापून नव्या, जास्त चुऱ्याच्या मिश्रणात लावा. नासक्या अंड्यासारखा वास आला तर ती माती दोन-तीन दिवस सावलीत पसरून ठेवा, लगेच परत भरू नका.

वर कोरडं, कडेने पाणी वाहतंय अशी कुंडी टबातल्या पाण्यात अर्धा तास ठेवा. खालून भिजू द्या, मग वरचा इंचभर थर खुरप्याने मोकळा करा.

रोपवाटिकेतून आणलेलं झाड चांगल्या मिश्रणातही रुसतं, त्याचं कारण अनेकदा त्याच्या मुळांभोवतीचा चिकणमातीचा गोळा असतो. आंध्रातल्या कडियमकडून येणारी रोपं अशा गोळ्यात असतात. पाणी भोवतालच्या भुसभुशीत मिश्रणातून निघून जातं, गोळा कोरडा राहतो. लावण्याआधी गोळा पाण्यात बुडवून मऊ करा आणि बाहेरची तिसरा हिस्सा माती अलगद सोडवा. हे काम पावसाळ्यात करा, एप्रिलमध्ये नव्हे.

मातीतून उडणारी काळी चिलटं ही सततच्या ओलीची तक्रार आहे. वरचा इंचभर थर दोन पाण्यांच्या मध्ये पूर्ण वाळू द्या, चिकट पिवळे सापळे लावा. हुमणी सापडली तर गड्डा उलटून अळ्या वेचा आणि मेटारायझियम हे बुरशीजन्य औषध मातीत मिसळा.

जुनी माती फेकू नका. मुळं काढून चाळा, चौथा हिस्सा नवं खत घाला. एप्रिल-मे महिन्यात ओली करून सहा इंचांच्या थरात पसरा, वर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट ताणून कडा दाबा आणि चार ते सहा आठवडे उन्हात ठेवा. माती कोरडी ठेवली किंवा काळं प्लॅस्टिक वापरलं तर परिणाम बराच कमी होतो. टोमॅटो काढलेल्या मातीत पुन्हा टोमॅटो, वांगी, मिरची नको. मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या असतील तर ते सूत्रकृमींचं, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींचं, काम. ती मुळं खताच्या डब्यातही टाकू नका, आणि त्या मातीत एक हंगाम फक्त झेंडू लावा.